कौसाबाईंचं कॅल्शियम

मेडिकलच्या काउंटरमागं उभा राहणारा माणूस दिवसातून सगळ्यांत जास्त वेळा एकच वाक्य बोलतो. "हेच आहे, फक्त कंपनी वेगळी." मी हे वाक्य जालन्यात वीसेक वर्षं बोललो. बहुतेक वेळा ते खरंच असतं, आणि म्हणूनच धोक्याचं. एकदा सवय झाली की तोंड आपलं आपणच बोलून मोकळं होतं, डोळे कागदावर जातच नाहीत. असंच एकदा झालं आणि त्यात एका बाईचे हात जायची वेळ आली. दुकानातल्या गमतीजमती सांगायला पुष्कळ आहेत, पण मनात घर करून बसलीय ती हीच गोष्ट, म्हणून हीच लिहितो.

मी मूळचा चंद्रपूरकडचा, मूल गावाच्याही पुढचा, धानाच्या मुलखातला. आठवीत शाळा सुटली. मेहुणे जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात होते, त्यांच्या मागं आलो. भट्टीची धग मला सोसेना. नवीन जालन्यात स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर एका मेडिकलमध्ये खोकी उचलायला माणूस पाहिजे होता, तिथं मेहुण्यांनी उभं केलं. मालकांना सगळे काका म्हणायचे. त्यांनी विचारलं, इंग्रजी वाचता येतं का. मी म्हणालो, अक्षरं ओळखता येतात, वाचता येत नाही. काका म्हणाले, "चालंल. डॉक्टरचं अक्षर वाचता कोणालाच येत न्हाई, ओळखावंच लागतं."

त्या एका वाक्यावर मी जालन्याचा झालो. भाताची सवय सुटून भाकरी अंगी लागली. पण धाकधूक काही गेली नाही. ज्याच्याकडं कागद नसतो ना, म्हणजे पदवीचा कागद, त्याला रोज वाटत राहतं की आज आपलं उघडं पडणार. मी दिलेली गोळी गिऱ्हाईक पिशवीत टाकून दहा पावलं गेलं तरी मी मागून हाक मारायचो, "ओ दादा, एकदा दाखवा बरं." लोक हसायचे. काका हसायचे नाहीत. म्हणायचे, ह्या दुकानाला कुलपापेक्षा ह्याचा जास्त उपयोग आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, औषधाचं दुकान म्हणजे कागद वाचायचा, डबा काढायचा, द्यायचा. तसं नसतं. निम्मं काम गोळी दिल्यावर सुरू होतं. ती कधी घ्यायची, कशावर घ्यायची, किती दिवस, हे घरी जाईपर्यंत ध्यानात राहील असं सांगावं लागतं. आमच्याकडं येणारी निम्मी माणसं वाचणारी नव्हती. मी खाकी पाकिटावर चित्रं काढायचो. सकाळच्या गोळीला उगवता सूर्य, दुपारच्या गोळीला डोक्यावरचा, रात्रीच्या गोळीला चंद्र. गरोदर बाया यायच्या, त्यांना लाल गोळी म्हणजे लोहाची आणि पांढरी म्हणजे कॅल्शियमची. दोन्ही एकाच पाकिटात, वर एकच सूर्य. "चहा-भाकरी झाली की दोन्ही संगंच घेऊन टाका." कितीतरी बायांना मी असंच सांगितलं. कोणी तक्रार केली नाही, त्यामुळं आपलं बरोबरच आहे अशी समजूत पक्की होत गेली.

कौसाबाई आमच्या जुन्या गिऱ्हाईक. मूळ पिंपळगाव रेणुकाईच्या. शेती तिकडं, पण लेकरांच्या शाळेपायी घर नवीन जालन्यात केलेलं. मी त्यांना अक्का म्हणायचो, त्या मला भाऊ. वय पंचेचाळीसच्या पुढं, आणि अंग एवढं जड की आमच्या दुकानाच्या तीन पायऱ्या चढताना त्या दोनदा थांबायच्या. रिक्षावाला त्यांना बघून म्हणायचा, "मावशी, दुसरं शीट घेऊ का न्हाई?" त्या म्हणायच्या, "घे बाबा, पण तू उतर, मी चालविते." असं बोलून दुसऱ्यांना हसवायच्या. स्वतः मात्र गुडघ्यावर हात ठेवून उभ्या असायच्या.

थोरल्या लेकीचं पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणं माहेरी झालं. आपल्याकडं बाळाला न्हाऊ घालायचं ते पायावर घेऊन. बाईनं पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, बाळाला नडग्यांवर निजवायचं, तेल लावून रगडायचं आणि कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं. कौसाबाईंना खाली बसताच येईना. पैसे देऊन एक बाई लावली. विहीणबाई भेटायला आल्या तेव्हा त्यांनी ते बघितलं आणि बोलून गेल्या, "पाय हायेत, पर नातवाच्या कामाचे न्हाईत." ही गोष्ट कौसाबाईंनी मला काउंटरला टेकून सांगितली होती, गुडघ्याचं मलम घेताना. सांगताना हसत होत्या. मलमाचे पैसे द्यायचे मात्र विसरून गेल्या, इतक्या दुसरीकडं होत्या.

मग मुलानं पुण्याला नेऊन त्यांचं ऑपरेशन केलं. वजन उतरवायचं ऑपरेशन तेव्हा आमच्याकडं नवलाचं होतं. दोन हजार साल उलटून सहा-सात वर्षं झाली असतील. पोटाचा थोडाच भाग कामाला ठेवतात आणि खालचं आतडं त्याला जोडून देतात. भूक मरते, खाल्लेलंही सगळं अंगी लागत नाही, म्हणून वजन उतरतं. पण जे अंगी लागायला पाहिजे तेही लागत नाही, म्हणून जन्मभर गोळ्या. भावकीत बोंब झाली की चांगली धडधाकट बाई पैसे देऊन कापून आणली. सहा महिन्यांनी त्या आमच्या तीन पायऱ्या न थांबता चढून आल्या आणि काउंटरवर पुण्याचा कागद ठेवला.

"भाऊ, वळखलं का?"

आवाजावरून ओळखलं. चेहरा निम्मा झाला होता. म्हणाल्या, धाकटी, म्हणजे सीमा, तिला दिवस गेलेत. आता बाई लावायची नाही. पाटावर बसून बघितलं, उठताही येतंय.

पुण्याहून दिलेल्या गोळ्या संपल्या होत्या. कागदावर कॅल्शियम सायट्रेट होतं, ड जीवनसत्त्वासहित, आणि लोहाची गोळी वेगळी. सायट्रेट आमच्याकडं नव्हतं. कोणी मागतच नव्हतं तर ठेवणार कशाला. आमच्याकडं होतं ते कार्बोनेट, जे सगळीकडं खपतं. मी दोन्ही डब्यांचे आकडे मनात ताडून बघितले. त्यांच्या रिकाम्या डबीवर एका गोळीत कॅल्शियम दोनशेच्या आसपास लिहिलेलं, आमच्या गोळीत पाचशे. शिवाय स्वस्त. मला वाटलं, बाईचा फायदाच करून देतोय. म्हणालो, "हेच आहे अक्का, फक्त कंपनी वेगळी. उलट जोरदार आहे." आणि लाल गोळी, पांढरी गोळी एकाच पाकिटात टाकली. वर एक सूर्य काढला.

त्या दिवशी काका दुकानात नव्हते, असं लिहिलं तर मला सोपं जाईल. काका होते. पाठीमागं बिलं बघत होते. मी विचारलं नाही, कारण विचारायची गरजच वाटली नाही.

चार महिने त्या महिन्याच्या महिन्याला येत राहिल्या. मध्ये त्यांचे चुलत सासरे बरोबर आले होते, तंबाखूची डबी हातात. पाकीट बघून म्हणाले, "ह्याला कशाला खर्चा? गव्हाच्या दाण्याएवढा चुना खायाचा रोज. आमची हाडं बघा." आणि काउंटरवर हात आपटून दाखवला. मी त्यांना समजावलं की ऑपरेशन झालेल्या पोटाला चुना भाजेल, आणि अक्कांना म्हणालो, असलं काही करू नका. एवढं सांगून मला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं. म्हाताऱ्याचा चुना द्यायचा नाही हे कळत होतं, आणि मी स्वतः जे देत होतो ते कळत नव्हतं.

थंडीत त्या आल्या आणि म्हणाल्या, बोटांना मुंग्या येतात, ओठांपाशीही झिणझिण होतं. भाकरी थापताना उजवा हात आखडला, सगळी बोटं चिमटीसारखी एका जागी आली, अंगठा आत गेला, आणि भाकरी तव्याबाहेर पडली. थंडीनं असेल का? मी म्हणालो, थंडीनंच. आणि चोळायला बाम दिला.

पंधरा दिवसांनी दोन्ही हात तसेच आखडले. ह्या वेळी सुटेनात. सीमाला आठवा सरून नववा लागला होता, ती नुकतीच माहेरी आलेली. तिनंच आईला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, कॅल्शियम फार खाली गेलेलं. डॉक्टरांनी शिरेतून हळूहळू इंजेक्शन दिलं तेव्हा बोटं सुटली. दुसऱ्या दिवशी सीमा दुकानात आली. हातात पुण्याचा कागद आणि माझं पाकीट.

"मामा, डॉक्टर विचारून राह्यले, कागदावर एक गोळी हाय आन पाकिटात दुसरी. असं काहून?"

तिच्या बोलण्यात संशय नव्हता. नुसतं विचारत होती. पाकिटावरचा सूर्य माझ्याच हातचा होता, किरणं मी नेहमी सातच काढायचो.

कागदावर पुण्याच्या दवाखान्याचा नंबर होता. काकांनी फोन लावला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. तिकडून आहारतज्ज्ञ बाई बोलत होत्या. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. कार्बोनेट म्हणजे खडूच. तो विरघळायला पोटातलं आम्ल भरपूर लागतं. ह्या बाईंच्या पोटाचा जो कप्पा शिल्लक आहे, त्यात आम्ल नावालाच. तिथं खडू विरघळणार कसा? सायट्रेटला आम्लाची तेवढी गरज नसते. गोळीवरचा आकडा मोठा असून उपयोग नाही, अंगात किती उतरतं ते बघायचं. त्यातही एका वेळी पाचशेच्या वर देऊन फायदा नाही, वाटून वाटून द्यायचं. आणि लोह नि कॅल्शियम एका वेळी कधीच नाही. दोघं आत शिरायला एकमेकांच्या आड येतात. मध्ये दोन तास पाहिजेत.

मी विचारलं, "बाई, हे सगळं तुम्ही त्यांना सांगितलं होतं का?" त्या म्हणाल्या, सांगितलं होतं, छापील कागदही दिला होता. पण पेशंट म्हणाल्या, आमचे मेडिकलवाले भाऊ सगळं बराबर सांगतात, त्यांच्या पाकिटावर चित्र असतं.

फोन ठेवला. डोक्यात आधी आलं ते हेच, की आता गावी जावं लागणार. काका म्हणाले, लायसन माझं, तेव्हा चूक माझी. मी बघायला पाहिजे होतं. पण सांगायला तू जा. मी गेलो तर त्या मला चहा देतील, इकडचं तिकडचं बोलतील आणि विषय बुजून जाईल. आणि काही झालं तरी उद्या सकाळी दुकान तूच उघडायचं, हे लक्षात ठेव.

हे शेवटचं त्यांनी काहून म्हटलं ते मला कळलं. आजही आठवलं की डोळे भरतात.

कौसाबाई खुर्चीवर बसल्या होत्या. मांडीवर जुन्या लुगड्याचं दुपटं, शिवायला घेतलेलं, पण सुई कापडात तशीच टोचून ठेवलेली. घरात आता सीमाच्या सासूचा, म्हणजे दुसऱ्या विहीणबाईंचा, निरोप आलेला होता की न्हाऊ घालणारी बाई आत्ताच बोलून ठेवा. भावकीतही सगळ्यांचं एकच, ऑपरेशननं बाई अधू केली. कौसाबाईंनी स्वतःच मला सांगितलं, "मी सीमीला म्हणले, बाई लाव. माझ्या हाताचा आता भरोसा न्हाई. वल्लं लेकरू, तेल लावलेलं. हात आखडला तर..."

मला तेव्हा कळलं, गप्प बसणं किती सोपं आहे ते. दोष द्यायला ऑपरेशन होतंच. उद्यापासून गोळी बदलून दिली असती, हात सुधारले असते, कोणाला काही कळलं नसतं. पण तोवर त्यांनी बाई लावलेली असती, आणि जन्मभर मनात धरलं असतं की आपले हात वाईट झाले.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. कागदावर काय होतं, मी काय दिलं, आकडा बघून कसा भुललो, दोन्ही गोळ्या एकत्र घ्यायला कसं सांगितलं. पुण्याच्या बाई काय म्हणाल्या तेही सांगितलं. सीमा दारात उभी राहून ऐकत होती. माझं सांगून झालं तरी कौसाबाई दुपट्याकडंच बघत होत्या.

"म्हंजी माझे हात खराब झाले न्हाईत?"

"न्हाई अक्का. हात चांगले आहेत. मी चुकीची गोळी दिली."

"आन ऑपरेशन?"

"तेही बराबर झालंय."

त्यांनी दोन्ही हात वर घेऊन उलटेपालटे करून बघितले, बाजारात कापडाचा पीस बघावा तसे. मग एकदम माझ्याकडं बघितलं.

"आन मंग ते बाम दिल्तं, ते कशाला?"

सीमाला हसू आलं. मला आलं नाही. मी म्हणालो, तेव्हा मला ठाऊकच नव्हतं. त्या म्हणाल्या, "ठाऊक न्हाई तं ठाऊक न्हाई म्हणायचं भाऊ. तेवढ्यापायी कोणी काय मारीत असतं का? मी चार महिने तुमचा सूर्य बघून गोळी खाल्ली." एवढंच बोलल्या. आवाज चढवला नाही. मग सुई कापडातून ओढून काढली आणि म्हणाल्या, "आता बराबर काय ते सांगा. सीमीला अजून महिना हाय."

सायट्रेट औरंगाबादच्या होलसेलवाल्याकडून मागवलं. एक नव्हे, तीन प्रकारचं आलं. मी आणि काकांनी काउंटरवर तिन्ही डबे मांडले आणि बारीक अक्षरातली ओळन् ओळ वाचली, मी अक्षरं जुळवत, काका अर्थ लावत. एकावर हजाराचा आकडा मोठा छापलेला होता. पण ते कॅल्शियम आणि सायट्रेट मिळून सगळ्या क्षाराचं वजन, त्यात खरं कॅल्शियम दोनशेच्या जरा वर. दुसऱ्यात ड जीवनसत्त्व नव्हतं. तिसऱ्यात होतं, पण गोळी बोटाच्या पेराएवढी, त्यांच्या पोटाला एकदम गिळायला जड. पुण्याला विचारलं, मोडून घेतली तर चालेल का. चालेल म्हणाल्या. तीच घेतली. तेव्हापासून आजपर्यंत, कोणीही कॅल्शियम मागितलं की मी आधी विचारतो, कोणासाठी, पोटाचं काही ऑपरेशन झालंय का, रक्तवाढीची, म्हणजे लोहाची गोळी चालू आहे का. आणि झालं असेल तर म्हणतो, डॉक्टरला विचारल्याशिवाय माझ्या सांगण्यावरून बदलू नका. गिऱ्हाईक वैतागतं. वैतागू दे.

आता अडचण होती दोन तासांची. कौसाबाई घड्याळ बघत नसत. मग आम्ही त्यांच्या दिवसाचीच मोजणी केली. नळाला पाणी येतं तेव्हा पहिली पांढरी. सीमाच्या बाबांची न्याहारी होऊन ते बाहेर पडले की लाल, लिंबाच्या पाण्याबरोबर, चहाबरोबर नाही. दुपारची झोप झाली की दुसरी पांढरी. दिवेलागण होऊन देवापाशी उदबत्ती लावली की तिसरी. चार वेळा, चार वेगवेगळी पाकिटं. सूर्य-चंद्र मी बंद केले. नळ, चप्पल, उशी आणि उदबत्ती काढली. त्यांनी ती पाकिटं स्वैपाकघरात दोरीला एकापाठोपाठ टाचून टाकली. मी डॉक्टरांनाही ह्या खुणा एका कागदावर काढून नेऊन दाखवल्या. ते हसले, पण एकही खूण बदलली नाही.

तो महिना मला फार लांब गेला. दर आठ दिवसांनी रक्त तपासायचे. कॅल्शियम एकदा थोडं चढलं, पुन्हा तिथंच अडकलं, मग डॉक्टरांनी ड जीवनसत्त्व वाढवलं. मुंग्या आधी ओठांच्या गेल्या, बोटांच्या रेंगाळल्या. मी येता-जाता त्यांच्या दारापाशी थांबून विचारायचो. एकदा त्या म्हणाल्या, "भाऊ, सीमीला कोणी इतकं विचारून न्हाई राह्यलं, तिचा नवराबी न्हाई." विहीणबाईंचा पुन्हा निरोप आला. कौसाबाईंनी उलट निरोप धाडला की बाई बोलायची घाई नाही, बघू. ते "बघू" माझ्या अंगावर होतं. रात्री पडलो की वाटायचं, एवढी आशा लावली आणि आयत्या वेळी हात आखडला तर?

सीमाला मुलगी झाली. बारशाचं आवतण होतं, मी गेलो नाही. दुकानात माणूस नव्हता असं सांगितलं. खरं म्हणजे मला बघायचं धाडस नव्हतं. काकांना ते कळलं असावं. चार दिवसांनी सकाळी त्यांनी महिन्याच्या गोळ्यांची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, हे पोचवून ये, आत्ताच. गिऱ्हाइकी मी बघतो.

त्यांच्या घराचं अंगण मागच्या बाजूला. कोवळं ऊन पडलं होतं. चुलवणावर पाण्याचं भगुनं, शेजारी तेलाची वाटी. कौसाबाई पाटावर बसल्या होत्या, लुगडं गुडघ्यापर्यंत खोवलेलं, पाय सरळ पुढं. नडग्यांवर बाळ पालथं, लालबुंद, जेमतेम वीतभर पाठ. सीमा पाणी ओतून देत होती. मी दारातच थांबलो, मान वळवली, म्हणालो नंतर येतो.

"या की. म्हातारीला काय लाजता? गोळ्या ठिवा वट्यावर."

मी गोळ्या ठेवल्या. निघालो मात्र नाही. बाळ रडत होतं, त्या त्याच्याशी काहीबाही बोलत होत्या, पाठीवरून हात वरपासून खालपर्यंत ओढत होत्या, मग कमरेपाशी अंगठ्यानं दाबून पुन्हा वर. सीमानं तांब्या दिला, त्यांनी धार सोडली. मी बाळाकडं बघतच नव्हतो. आता आखडेल, आता आखडेल, असं करत नुसता त्या बोटांकडं बघत उभा होतो.

त्यांच्या ते ध्यानात आलं. तांब्या खाली ठेवला. एक हात बाळाच्या छातीखाली तसाच राहू दिला आणि दुसरा, तेलानं-पाण्यानं निथळता, माझ्यापुढं धरला. पाचही बोटं फाकवली. मूठ मिटली. पुन्हा फाकवली.

"बघितलं? जा आता जल्दी. पाणी निवून राह्यलं."